चर्चच्या भिंतीवरची काजळी आणि गॉथिकची बदनामी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या मध्ययुगीन गॉथिक चर्चवर पानभर लेख छापलात त्याबद्दल आधी आभार, कारण मराठी पेपरात दगड-चुन्याच्या विषयाला एवढी जागा सहसा मिळत नाही. पण लेख मी दोनदा वाचला, एकदा चहाबरोबर आणि एकदा पेन्सिल घेऊन, आणि दुसऱ्या वेळी जरा वैतागलोच. अंधार, काळोख, भयाण, गूढ, अंगावर काटा, वटवाघळं. खुणा करत गेलो तर ११ ठिकाणी हेच. म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं की त्या काळच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राबून भुतांच्या राहण्याची सोय केली.

मी इतिहासाचा माणूस नाही हे आधीच सांगतो. ३४ वर्षं साइट सुपरवायझर होतो, गवंडी, सेंटरिंगवाले, पाथरवट यांच्यात आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर लेकीच्या नोकरीमुळे पॅरिसला दोन महिने राहायचा योग आला, आणि जावई म्हणत होते बाबा आयफेल टॉवर बघा, डिस्नेलँड बघा, तर मी तेवढ्यात तीनदा शार्त्रला जाऊन आलो. मोंपार्नास स्टेशनवरून गाडी धरली की साधारण तासाभरात शार्त्र. आजूबाजूला सपाट गव्हाची शेतं, आणि गाव धड दिसायच्या आधीच चर्चचे दोन मनोरे शेतातून उगवल्यासारखे दिसायला लागतात.

आता मुद्द्याचं. गॉथिक पद्धत सुरू झाली तीच मुळी उजेडासाठी. पॅरिसच्या उत्तरेला सें-दनीचा मठ आहे, तिथल्या सुजे नावाच्या मठाधिपतीने चर्चची मागची बाजू, जिथे मुख्य वेदी असते ती, नव्याने बांधून घेतली आणि ११४४ मध्ये तिचं उद्घाटन झालं. या माणसाने स्वतः लिहून ठेवलंय की बाबा हे सगळं कशासाठी, तर रंगीत काचेतून येणाऱ्या उजेडाने माणसाचं मन जड वस्तूंवरून उठून वर जावं म्हणून. त्याच्या आधीची जी रोमनेस्क चर्चेस आहेत, जाड भिंती, लहान खिडक्या, ती खरी अंधारी म्हणायची तर म्हणा. गॉथिक हा त्यावरचा उतारा होता, आणि आपण रोगाचं नाव औषधाला देऊन बसलोय.

लेखात हे कसं जमवलं त्याबद्दल फक्त "अद्भुत तंत्रज्ञान" एवढंच आहे. अद्भुत वगैरे काही नाही हो, साइटवरच्या कुठल्याही चांगल्या गवंड्याला पाच मिनिटांत कळेल. अर्धगोल कमानीची एक अडचण असते, जेवढा गाळा (म्हणजे दोन खांबांमधली जागा) त्याच्या निम्मी उंची, यात सूट नाही, त्यामुळे गाळे लहानमोठे झाले की कमानींचे माथे खालीवर होतात. टोकदार कमानीत हा जाच नाही, गाळा १० फुटी असो की २० फुटी, टोक हवं तिथे नेता येतं, शिवाय ती भार जास्त सरळ खाली घालते आणि बाजूला रेटा कमी मारते. मग छताला दगडाच्या तिरप्या फासळ्या. आधी लाकडी सेंटरिंगवर या फासळ्या चढवायच्या आणि मग मधल्या जागा पातळ दगडाने भरायच्या. (हो, सेंटरिंगच. आपण स्लॅबखाली जे ठोकतो त्याला आपली पोरं रोज जो शब्द वापरतात तो कमानीखालच्या याच लाकडी सांगाड्याचा आहे, मला हे कळलं तेव्हा भारी वाटलं होतं.) चुना सावकाश धरतो म्हणून ते काढायची घाई करून चालायचं नाही. असं केलं की छताचा सगळा भार चार कोपऱ्यांवर गोळा होतो, आणि उरलेला बाहेरचा रेटा पेलायला बाजूच्या बुटक्या गाळ्यांच्या छपरावरून उडी मारल्यासारख्या तिरक्या कमानी घालायच्या, ज्यांना फ्लाइंग बट्रेस म्हणतात, त्या बाहेरच्या जाड खांबांना जाऊन टेकतात. त्या खांबांच्या डोक्यावर टोकदार दगडी सुळके असतात ते नुसती नक्षी वाटतात, पण ते वजन आहे, खांबाला खाली दाबून धरणारं.

एवढं झाल्यावर भिंतीला कामच उरलं नाही. मग भिंत काढली आणि काच लावली. पॅरिसचं सेंत शापेल नावाचं चर्च बघा, १२४८ मध्ये पूर्ण झालं, वरच्या मजल्यावर भिंत जवळपास नाहीच, १५ खिडक्या आणि त्या सुमारे १५ मीटर उंच. चार-पाच मजली बिल्डिंगएवढी एकेक खिडकी. दुपारी ऊन फिरलं की माणसांच्या शर्टांवर रंग पडतात. तिथे भुताची काय टाप आहे यायची.

हाव केली की काय होतं तेही लेखात यायला हवं होतं. बोव्हे नावाच्या गावात सगळ्यांपेक्षा उंच जायचं ठरलं, ४८ मीटरच्या आसपास छत नेलं, १२७२ मध्ये काम झालं आणि १२८४ मध्ये त्यातला बराच भाग खाली. दुरुस्ती करताना दोन-दोन खांबांच्या मध्ये आणखी एकेक खांब घुसवला, आजही जाऊन बघितलं तर ते मागाहून घुसवलेले खांब कळतात. तरी अक्कल आली नाही, १५६९ मध्ये मधोमध १५० मीटरच्या वर जाणारा मनोरा चढवला, तो १५७३ मध्ये पडला. पुढचा लांब सभामंडप कधी झालाच नाही, आज तिथे अर्धंच चर्च उभं आहे. मी आमच्या एका जुन्या कॉन्ट्रॅक्टर मित्राला फोटो पाठवला तर त्याचा रिप्लाय आला, "बिल पास झालं असेल ना?"

आता शार्त्र, कारण तुमच्या लेखातला सगळ्यात चुकीचा परिच्छेद तिथलाच आहे. लेखक म्हणतात की शार्त्रच्या चर्चला हल्ली "रंगरंगोटी करून वाट लावली" आणि "आठशे वर्षांचा पवित्र काळेपणा पुसून टाकला". हे वाचून मी पेन्सिल खाली ठेवली.

थोडं मागे जाऊ. १० जून ११९४ ला तिथलं जुनं चर्च जळालं. पश्चिमेचं तोंड, म्हणजे पुढचा दरवाजा त्या लांबुडक्या पुतळ्यांसकट, आणि तळघर वाचलं. मेरीमातेचं वस्त्र म्हणून पुजलं जाणारं एक कापड तिथे आहे, ते जळालं असं लोकांना वाटलं, रडारड झाली, आणि तीन दिवसांनी ते तळघरातून सहीसलामत बाहेर आलं अशी कथा आहे. कथा खरी असो नसो, वर्गणी मात्र जोरात जमली. आठेक किलोमीटरवरच्या बेर्शेरच्या खाणीतून दगड ओढून आणला आणि मुख्य इमारत पंचवीस-तीस वर्षांत उभी केली, त्या काळाच्या हिशोबाने हा वेग म्हणजे कमालच. १२६० मध्ये रीतसर अभिषेक झाला.

आणि बांधून झाल्यावर त्यांनी ते आतून रंगवलं. हे लेखकाला माहीत नाही. २००९ पासून जी साफसफाई सुरू झाली त्यात मेणबत्त्यांची काजळी आणि शेकडो वर्षांची धूळ काढल्यावर खाली तेराव्या शतकातला मूळ रंगाचा थर सापडला, फिक्का साई-पिवळा गेरूचा हात आणि त्यावर पांढऱ्या रेघा. म्हणजे पवित्र काळेपणा आठशे वर्षांचा नाही, तो धूर आहे. आठशे वर्षांचा आहे तो रंग.

आम्ही गेलो तेव्हा वेदीकडचा भाग साफ झालेला होता आणि आडव्या बाजूंना, जिथे चर्च क्रॉसच्या आकारात दोन्हीकडे पसरतं तिथे, काळपटपणा तसाच होता. मी बरोबर त्या सीमेवर उभा राहिलो. एका डोळ्याला तवा आणि एका डोळ्याला लोणी. पहिल्यांदा मलाही खटकलं, खोटं कशाला बोलू, वाटलं की लग्नाच्या हॉलसारखं करून टाकलं की राव. मग मान वर करून त्या पांढऱ्या रेघा नीट बघायला लागलो आणि हसूच आलं. त्या रेघा म्हणजे दगडांच्या खोट्या दर्जा आहेत! (दर्जा म्हणजे दोन दगडांमधले सांधे.) खाली खरे दगड आहेत, त्यांच्या खऱ्या दर्जा आहेत, कुठे रुंद कुठे अरुंद, कुठे थर थोडा चुकलेला, आणि त्यावर रंगाचा हात मारून एकसारख्या सरळ दर्जा रंगवल्यात, ज्या खालच्या खऱ्या दर्जांवर बसतही नाहीत. फिनिशिंगसाठी. साहेब बघायला यायच्या आधी आम्ही जे करायचो तेच, तेराव्या शतकात. त्या क्षणी मला ते लोक एकदम ओळखीचे वाटले, आणि हा रंग कोणी हल्लीच्या बाबूने कॅटलॉगमधून निवडला नाही याची खात्री पटली.

त्या रंगाचं कामही आहे. काच इतकी गर्द निळी आणि लाल आहे की ती उजेड बराच अडवते, हे खरं, आत ट्यूबलाइटसारखा लख्ख प्रकाश कधीच नव्हता. म्हणून तर भिंती फिक्या ठेवल्या, की जो उजेड येतोय तो पसरावा. काजळी बसली आणि भिंती तो उजेड पिऊन टाकायला लागल्या. आता याच्या उलट म्हणणारे जाणकार आहेत, त्यांचं म्हणणं असं की काळ्या भिंतींमुळे काचा जास्त उठून दिसायच्या, भिंती उजळल्या आणि काचांचं तेज कमी झालं. आमच्या सौ. त्यांच्याच पक्षातल्या. त्या काळ्या बाजूला बाकावर जाऊन बसल्या, म्हणाल्या इथे शांत वाटतं, तिकडे तुमच्या दर्जा तुम्ही मोजा. तर हा वाद खरा आहे आणि तो लेखात यायला हवा होता, पण "वाट लावली" म्हणजे वाद मांडणं नव्हे.

काचांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. दीडशेच्या वर जुन्या खिडक्या आहेत, बहुतेक बाराव्या-तेराव्या शतकातल्या. रंग काचेच्या अंगातला असतो, वरून फासलेला नाही. निळ्याला कोबाल्ट, लालला तांबं, आणि तांब्याचा लाल इतका दाट येतो की अख्खी काच तशी केली तर काळीच दिसेल, म्हणून साध्या काचेवर लालचा पातळ पापुद्रा चढवायचे. चेहरे, कपड्यांच्या चुण्या मात्र काळसर रंगाने ब्रशने काढून भट्टीत भाजायच्या. मग सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडायचे. दक्षिणेच्या बाजूला एक निळी मेरीमाता आहे, तिचा मधला भाग ११९४ च्या आगीतून वाचलेला, ११८० च्या सुमाराचा, आणि तो निळा मी कुठल्या साडीत बघितला नाही, पैठणीत पण नाही. खिडक्या साधारण खालून वर वाचायच्या, आणि खालच्या चौकटींत बऱ्याच ठिकाणी कामकरी माणसं आहेत, पाव विकणारे, चांभार, सुतार, कातडी विकणारे, सराफ. एका खिडकीत दगडातून राजाचा पुतळा कोरणारे पाथरवट आहेत. त्या खिडक्यांचे पैसे त्याच लोकांनी दिले असं पूर्वी सर्रास सांगायचे, आता अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत. मला पैशाशी घेणं नाही. राजे आणि संत वर, आणि माणसाच्या डोळ्यासमोर, अगदी जवळ, छिन्नी-हातोडीवाला. मी तिथे बराच वेळ थांबलो.

आणि हो, याच काचा बाहेरून दिवसा बघितल्या तर राखाडी-काळ्या दिसतात, जाळीवर धूळ बसल्यासारख्या. तुमच्या लेखातले चारपैकी तीन फोटो बाहेरून काढलेले आहेत, मग अंधार दिसेल नाही तर काय.

रंगाचं फक्त शार्त्रपुरतं नाही. आमियांच्या चर्चच्या पुढच्या दरवाजाचे पुतळे १९९० च्या दशकात लेझरने साफ केले तेव्हा त्यांच्यावर रंगाचे अंश सापडले, आता तिथे ठराविक दिवसांत रात्री बरोबर त्या पुतळ्यांवर रंगीत प्रकाश टाकून दाखवतात. पॅरिसच्या नोत्र दामची जमीन आगीनंतरच्या कामात २०२२ मध्ये खणली तेव्हा तिथल्या जुन्या दगडी पडद्यासारख्या भिंतीचे तुकडे निघाले, तेराव्या शतकातले, अठराव्या शतकात ती भिंत पाडून तिथेच पुरली होती, आणि मातीतून निघालेल्या त्या दगडी चेहऱ्यांवर रंग शिल्लक होता. म्हणजे हे लोक रंगाचे शौकीन होते, अगदी आपल्या जत्रेतल्या रथाइतके.

नोत्र दामबद्दल आणखी एक दुरुस्ती. १५ एप्रिल २०१९ ला "चर्च जळून खाक" झालं नाही. जळालं ते दगडी छताच्या वरचं लाकडी छप्पर आणि त्यावरचं शिसं, आणि एकोणिसाव्या शतकातला उंच सुळका पडला, त्याने मध्ये भोकं पाडली. बाकी बहुतेक दगडी छत टिकलं. दगडी छताचा एक फायदाच तो आहे, वर आग लागली तरी ती सहज खाली येत नाही. शार्त्रमध्ये १८३६ ला हेच झालं होतं, तिथे नंतर लोखंडी सांगाडा आणि तांब्याचे पत्रे घातले, म्हणून त्याचं छप्पर आज हिरवं दिसतं. पॅरिसवाल्यांनी मात्र पुन्हा ओकचंच लाकूड वापरलं, सुमारे २००० झाडं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडलं. नवे फोटो बघा, आतून कसं पांढरंशुभ्र दिसतं ते.

गारगॉइल "भुतांना पळवण्यासाठी" हेही सोडून द्या. ते पन्हाळे आहेत, पन्हाळे! छपराचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला दगडात खोदलेली नळी, तिला जनावराचं तोंड दिलं, आणि पावसात ती तोंडं धो धो ओकतात. पाणी भिंतीवरून उतरलं की चुना धुऊन जातो, ही पावसाळी गोष्ट आपल्याला वेगळी सांगायला नको. आणि तुमच्या फोटोत गालावर हात ठेवून पॅरिसकडे बघत बसलेलं जे शिंगवालं ध्यान आहे ते मध्ययुगीन तर नाहीच, गारगॉइलही नाही, त्याच्यातून पाणी पडत नाही. ते एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्यूक या आर्किटेक्टने दुरुस्तीच्या वेळी आपल्या हौसेने बसवून घेतलं.

नावाचाही घोळ आहे. गॉथ नावाच्या टोळ्यांनी ही चर्चेस बांधली नाहीत, त्या टोळ्या या चर्चेसच्या कित्येक शतकं आधी होऊन गेल्या. सोळाव्या शतकात वसारी या चित्रकार-लेखकासारख्या इटालियन लोकांना ही पद्धत रानटी वाटली म्हणून त्यांनी ती गॉथांच्या माथी मारली, म्हणजे मूळ नाव ही शिवीच. त्यानंतर अठराव्या शतकात इंग्रजीत भुताखेताच्या कादंबऱ्यांना गॉथिक म्हणायला लागले, मग सिनेमे आले, आणि शिवी पक्की झाली.

जाता जाता, लेखाच्या शेवटी मुंबईचं सीएसएमटी आणि गोव्याचं बॉम जीझस एकाच दमात गॉथिक म्हणून टाकलंय. सीएसएमटीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं, ते व्हिक्टोरियन गॉथिक, जुन्या रूपाची हौस. बॉम जीझस १६०५ चं आणि बरोक, म्हणजे गॉथिकनंतर आलेल्या वेगळ्या पद्धतीचं. गोव्यात गॉथिकची शेवटची झुळूक बघायचीच असेल तर जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चचा काळ्या दगडाचा दरवाजा बघा, तो आधीच्या चर्चमधून राखून ठेवलेला, पोर्तुगीजांच्या मॅन्युएलाइन पद्धतीचा.

एका बाबतीत मात्र मी लेखकाशी थोडा सहमत आहे. शार्त्रमध्ये खांबावरची मेरीमाता म्हणून एक लाकडी मूर्ती आहे, सोळाव्या शतकातली, लोक तिला काळी माता म्हणूनच पूजत होते. साफसफाईत तिचाही काळेपणा काढला, चेहरा गोरा झाला, आणि बरीच माणसं दुखावली, सह्यांची मोहीम निघाली. तज्ज्ञांचं म्हणणं मूर्ती मुळात काळी नव्हती. असेल. पण ज्या बाईने चाळीस वर्षं त्या काळ्या चेहऱ्यासमोर मेणबत्ती लावली तिचं काय. आमच्याकडे २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीचा शेंदूर उतरवला, आतून देवीचं मूळ रूप आलं, आमच्या घरात आई पहिल्यांदा फोटो बघून गप्प झाली होती, मग हात जोडले, मग म्हणाली, "डोळे तेच आहेत." शार्त्रच्या मूर्तीबद्दल माझं मत अजून ठरत नाही. भिंतीला एक न्याय आणि मूर्तीला दुसरा असं कोणी म्हणालं तर माझ्याकडे त्याला उत्तर नाही.

पत्र लांबलं. छापताना कापलंत तरी चालेल, पण पन्हाळ्याचं आणि खोट्या दर्जांचं ठेवा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त साइट सुपरवायझर, नाशिक

ता. क. शार्त्रचा मोठा फोटो उलटा छापला गेलाय. समोरून बघताना डावीकडचा मनोरा नक्षीचा आणि उंच, ११३ मीटर, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला नवं टोक बसवलेलं. उजवीकडचा साधा आणि बुटका, १०५ मीटर, पण वयाने मोठा, बाराव्या शतकातला. तुमच्या पेपरात साधा डावीकडे गेलाय. मी आधी माझाच चष्मा पुसून बघितला.